परसातल्या वाटेची डावी कड

आमच्या घराच्या मागील दारापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत काँक्रीटची एक वाट आहे. तिची लांबी माझ्या पावलांनी अठ्ठावीस आणि माझ्या पत्नीच्या पावलांनी चव्वेचाळीस भरते. उजव्या हाताला नहाणीघर आणि संडास असून तेथवर फरशा बसवलेल्या असल्याने त्या बाजूला वाटेला कड अशी उरलेली नाही. डाव्या हाताला पत्नीची परसबाग आहे. त्यात जास्वंद, तगर, अनंत, अबोलीचे दोन वाफे आणि शेवटी विहिरीच्या सांडपाण्यावर वाढणारे अळू. या वाटेच्या डाव्या कडेला गवत उगवू नये, एवढी एकच गोष्ट मी गेले वर्षभर मागत आहे. ती कोणाकडे मागावी हे मात्र मला अद्याप कळलेले नाही.

हे मी म्हणतो यास महत्त्व आहे, कारण मागणे कोणापुढे आणि कशा शब्दांत मांडावे हाच माझा व्यवसाय आहे. मी अर्जनवीस आहे. पोलादपूरहून रोज सकाळच्या एसटीने मी महाडला जातो आणि कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली माझ्या टेबलाशी बसतो. वारसनोंद, हद्दीची तक्रार, शिधापत्रिकेतील नावाची दुरुस्ती, विहिरीचे अनुदान, अशा बाबतींत दोन तालुक्यांतील हजारो माणसांचे म्हणणे माझ्या हातून कागदावर उतरले आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. नववीत शाळा सुटली. ती का सुटली हे येथे अप्रस्तुत आहे. परंतु पदवीधर मंडळीही आपला मजकूर माझ्या नजरेखालून घालून मगच आत नेतात, हे नमूद करणे भाग आहे.

चार वर्षांपूर्वी साखरेने माझ्या पत्नीचे डोळे घेतले. तिला उजेड आणि सावली कळते. त्यापलीकडे काही नाही. परंतु तिच्या तळपायांची जाणीव शाबूत राहिली, याचे डॉक्टरांनाही नवल वाटले. त्या तळपायांवर तिने आपले जुने आयुष्य पुन्हा उभे केले. पहाटे ती अनवाणी मागील दारात उभी राहते, डावा पाय वाटेच्या डाव्या कडेवर असा ठेवते की अर्धा तळवा काँक्रीटवर आणि अर्धा हवेत, आणि त्या धारेच्या आधाराने विहिरीपर्यंत जाते. वाटेत बोटांनी चाचपून देवाची फुले काढते. येताना तेच काम उजवा पाय करतो. चपला घालून हे साधत नाही, म्हणून डॉक्टरांनी किती बजावले तरी ती परसात चप्पल घालत नाही. या चव्वेचाळीस पावलांत ती कोणाची मिंधी नसते.

आमचा मुलगा मुंबईत नोकरीस आहे. त्याने आईसाठी घरापासून विहिरीपर्यंत एक नायलॉनची दोरी कमरेइतक्या उंचीवर ताणून बांधून दिली होती. दुसऱ्याच दिवशी पत्नीने तिच्यावर साड्या वाळत घातल्या.

"मला काय दावणीला बांधायचंय?" ती म्हणाली.

"मग घरातच संडास-बाथरूम काढू या, आई."

"काढ की. आणि फुलं काय पलंगावर उगवतील?"

त्यानंतर त्याने तो विषय सोडून दिला. परंतु त्याच्या मनातून तो गेला नव्हता, हे मला गेल्या वर्षीच्या श्रावणात कळले.

त्या दिवशी मी महाडला होतो. आठ दिवस पाऊस उघडला नव्हता. वाटेच्या कडेला हरळी, टाकळा आणि नागरमोथा इतका माजला होता की त्याची पाती काँक्रीटवर आडवी पडून कड पूर्णपणे झाकली गेली होती. मी ते पाहिले होते. येत्या रविवारी काढू, असे म्हणालोही होतो. दुपारी पत्नी बाहेर गेली. तिच्या पायाला धार लागली नाही, मऊ गवत लागले. तीच वाटेची कड समजून ती डावीकडे सरकत गेली, अबोलीच्या वाफ्यातून अळवात शिरली. अळवाच्या पुढे बांध आहे आणि बांधाखाली पुरुषभर खोल ओढा. पाण्याचा आवाज जवळ आल्यासारखा वाटताच ती होती तेथे खाली बसली. दोन तास बसून राहिली.

संध्याकाळी मी एसटीतून उतरलो तेव्हा आमच्या शेजारची काकी रस्त्यावरच उभी होती. ही काकी वरच्या वाडीवरची. मुले मुंबईला गेल्यावर खाली येऊन आमच्या कुंपणाला लागून राहते. ती मला नावाने कधीच हाक मारीत नाही.

"रायटर, धाव. तुजी बायको अळवात बसलेली हाय."

"अळवात? का?"

"मी पन तंच इचारलं. म्हंते, वाट कुठं गेली ती बघतंय. हात दिला तर उठंना."

मी पत्नीला हाताला धरून घरात आणले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि ती हसत होती. ते हसणे मला रडण्यापेक्षा वाईट वाटले. काकीनेच मुलाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसून, वकिलाने बोलावे तसा शांतपणे बोलला.

"बाबा, एक चान्स. पुढच्या पावसाळ्यात आईला काही झालं, नुसती पडली तरी, मी तिला घेऊन जाणार. फायनल. मग अर्जबिर्ज चालणार नाही."

मुंबईत त्याची चौथ्या मजल्यावर दीड खोली आहे. तेथे माझी पत्नी पलंग आणि बाल्कनीचे गज यांच्यामध्ये किती दिवस टिकेल, याचा हिशेब मी मनात करून पाहिला आणि तो पुरा करण्याचे मला धैर्य झाले नाही. मी तिच्याबरोबर जाऊ शकत नाही. दीड खोलीत माझी वळकटी ठेवायलाही जागा नाही, आणि माझे टेबल महाडला आहे. तात्पर्य, ती कड स्वच्छ राहिली तर माझी पत्नी माझ्या घरात राहणार होती, आणि ती झाकली गेली तर जाणार होती.

मी पद्धतशीर माणूस आहे. मी प्रथम कड उपटून साफ केली. हरळी निघाली, टाकळा निघाला. नागरमोथ्याची पात मात्र हातात येते आणि खाली मातीत काळी, वाटाण्याएवढी गाठ राहते. त्या गाठीतून चौथ्या दिवशी हिरवी सुई वर येते. मी बारा ठिकाणी उपटला तेथे वीस ठिकाणी आला. मग कोणीतरी मिठाचा उपाय सांगितला. मी कडेने खडे मीठ पसरले. नागरमोथ्यास काही झाले नाही; अनंताची पाने मात्र पिवळी पडून गळू लागली. एके सकाळी पत्नीच्या पायाखाली ती आली.

"अनंताला काय घातलंत?"

"काही नाही. पानगळ असेल."

"अनंताची पानगळ? या दिवसांत?" तिने एक पान उचलून बोटांत चोळले. "बरं. मीठ घातलं असेल तर विहिरीचं पाणी ओता. चार दिवस ओता."

मी चार दिवस पाणी ओतले. पुढे बिरवाडीहून तणनाशक आणून फवारले, तर वाऱ्याने ते अबोलीवर गेले आणि तासाभराने अवकाळी पाऊस पडून उरलेले धुऊन नेले. अबोलीचा एक वाफा कायमचा गेला. पत्नीने त्याबद्दल मला एक शब्दही विचारला नाही. जी बाई अनंताच्या एका पानावरून मला पकडते तिने आख्ख्या वाफ्याबद्दल गप्प राहावे, याचा अर्थ तिने मनातल्या मनात आवराआवर सुरू केली होती.

अशा स्थितीत चैत्राच्या अखेरीस शिवथरच्या बाजूचा एक म्हातारा शेतकरी माझ्या टेबलाशी आला. त्याला सातबाऱ्यावरील नावाबाबत अर्ज लिहून हवा होता. त्याच्या हातांना राखेचा वास येत होता. तो म्हणाला, "राब भाजून तसाच आलूय, साहेब."

राब म्हणजे काय हे आमच्या भागात कोणास सांगावे लागत नाही. भाताचे रोप जेथे पेरायचे त्या तुकड्यावर डहाळ्या, शेण, पालापाचोळा यांचे थर रचतात, वर बारीक माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवतात. तो दिवसभर धुमसतो आणि त्या जागेतील तणाचे बी जळून जाते. माझ्या वडिलांनी आयुष्यभर राब भाजले. मी शाळेत गेलो, लेखणी धरली आणि ते सर्व मागे टाकले असे समजत होतो. म्हाताऱ्याचा अर्ज लिहिता लिहिता मी त्याला विचारले, "भाजलेल्या जागेत तण अजिबात येत नाही?"

"नावाला नाय. रोपाबिगर काय उठंल तर मिशी काढीन."

त्या दिवशी परतीच्या एसटीत मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या अनोळखी इसमास बसायला खिडकी दिली.

वैशाखात पत्नी भाचीच्या लग्नासाठी तुडीलला, आपल्या माहेरी, आठ दिवस गेली. तिच्या मागे मी कचेरीस दोन दिवस दांडी मारली. वाटेच्या डाव्या कडेला लागून, घरापासून विहिरीपर्यंत, हातभर रुंदीचा पट्टा मी वडिलांच्या पद्धतीने रचला. खाली ऐनाच्या डहाळ्या, त्यावर वाळले शेण, त्यावर पाचोळा, वर माती. धग कडेपर्यंत पोहोचावी आणि फटीतले बी सुटू नये म्हणून काही थर मी काँक्रीटवरही चढवले. मग पेटवला. धूर पाहून काकी कुंपणाशी आली.

"रायटर, काँक्रीटवर भात लावतोस का रं?"

"तण जाळतोय, काकी. मुळापासून."

"वाट कशाची केलीव? खडीची का गोट्यांची?"

"नदीच्या गोट्यांची. का?"

"मंग मागं सर," ती म्हणाली.

मी मागे सरलो नाही. त्या क्षणी पहिला आवाज झाला. लग्नातल्या सुतळी बॉम्बसारखा. काँक्रीटची एक खपली उडून माझ्या पोटरीस लागली. मग दुसरा, मग लागोपाठ तीन. गोटा आगीत फुटतो, हे चुलीसाठी तीन दगड निवडणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. मला आठवी पास होऊनही ठाऊक नव्हते. मी विहिरीकडे धावलो, तेव्हा काकी ओरडली, "पानी नको घालू! आनखी फुटंल! भाजू दे आता, जे व्हायचं त्ये झालं."

राब संध्याकाळपर्यंत धुमसला. आम्ही दोघे कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून ते आवाज ऐकत होतो. राख थंड झाल्यावर पाहिले, तर डावी कड दोन ठिकाणी, प्रत्येकी दोन-तीन हात लांबीपर्यंत, दात पडलेल्या जबड्यासारखी झाली होती.

पत्नी येण्यास पाच दिवस होते. मी सिमेंट आणून ते तुटलेले भाग स्वतःच्या हाताने भरून काढले. माझा हात लेखणीचा. थापीने मला धार साधेना. कड गोल, उतरती झाली. तरी दिसायला नीट होती आणि राख झाडल्यावर कडेची माती इतकी काळी, इतकी निर्मळ दिसत होती की मी फोटो काढून मुलाला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

पत्नी तुडीलहून आली त्याच संध्याकाळी परसात गेली. पहिल्या डागडुजीपाशी तिचा डावा पाय थबकला. तो उतारावरून दोनदा खाली सरकला.

"इथं काय झालंय?"

"थोडी डागडुजी केली."

"हं," ती म्हणाली, आणि पुढे गेली.

पाऊस सुरू झाल्यावर तीन आठवडे त्या कडेवर एक पात उगवली नाही. शेजारी रान हिरवेगार होत असताना माझी कड काळीभोर राहिली. कचेरीबाहेर मी तिचे वर्णन करीत असे. राबाने वरवरचे बी जळाले होते हे खरे. परंतु खालच्या गाठींना त्याची धगही लागलेली नव्हती. चौथ्या आठवड्यात, माझे नवे सिमेंट आणि जुने काँक्रीट यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीतून नागरमोथा वर आला. त्या कोवळ्या हिरव्या सुईने माझ्या थापीचे काम उचलून बाजूला केले. ते मी पाहिले त्या सकाळी मला एसटी गाठायची होती. संध्याकाळी बघू, असे म्हणून मी गेलो.

त्या दिवशी दुपारी सुट्या झालेल्या तुकड्यावर पत्नीचा पाय पडला. तुकडा फिरला, ती आपटली, आणि खालच्या फुटक्या गोट्याच्या धारेने तिचा अंगठा आणि शेजारचे बोट हाडापर्यंत कापले गेले.

साखर असलेल्या माणसाच्या पायाची जखम म्हणजे काय, हे ज्याच्या घरात घडले त्यासच कळेल. महाडच्या डॉक्टरांनी पट्टी बांधताना एवढेच म्हटले, "काळं पडायला लागलं तर लगेच आणा. उद्यावर टाकू नका." सहा आठवडे मी रोज सकाळी ती पट्टी सोडताना डोळे मिटून घेत असे आणि मग एक डोळा उघडीत असे. माझ्या टेबलावर धूळ बसली. परसातली वाट दिसेनाशी झाली. गुडघाभर टाकळा आणि त्यात ओले, लोळलेले गवत. पत्नीला धरून संडासापर्यंत नेण्यापुरतेच मी मागील दार उघडीत असे, एरवी ते लावून ठेवी. मुलाने फोनवर एकही कठोर शब्द उच्चारला नाही. तो म्हणाला, "गणपतीला येतोय. जाताना आई माझ्याबरोबर." बस्स. मी "बरं" म्हटले. दुसऱ्यांच्या बाबतीत मी असे उत्तर कधीही देऊ दिले नसते. निदान मुदत मागितली असती.

एक दिवस पट्टी बांधता बांधता मी पत्नीला राबाची सर्व हकिगत सांगितली. गोटे कसे फुटले, मी कसे लपवले, सर्व.

"मला त्याच संध्याकाळी राखेचा वास आला होता," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत होतात. फोटो पाठवलात, काय काय." तिने पाय माझ्या मांडीवरून जरा सरळ केला. "आणि मला वाटलं, आता कशाला बोलायचं. जायचंच आहे तर भांडून कशाला."

मी बाहेर गेलो. मागील दार उघडले आणि त्या गवताकडे पाहत पायरीवर बसलो. कुंपणापलीकडून काकीचा आवाज आला.

"रायटर, रडतोस का बसलायस?"

"बसलोय."

"बस. गवात काय बसत नाय पन." ती कुंपणाला टेकली. "तुजा बापूस शेतकरी व्हता ना रं? त्यानं बेणनी येकदाच केली कदी? येकदा बेणून कुनाचं भात झालंय? तू आपला येक कागुद दिलास का झालं, निकाल लागला. ह्याचा निकाल नाय लागत. दर आठ दिसानी उकिडवं बसायचं."

"मग काय करू ते सांग ना."

"कडंला लागून वीतभर चर मार. माती काँक्रीटच्या खाली राह्यली पायजे. माती वर आली, काँक्रीटला भिडली, का गवात पाय टाकतंच वर. मधी मोकळं ठेव. आनि ह्ये तुजं थापलेलं काढून टाक आदी, गवंड्याला बोलाव. लाजतोस कशाला? त्याला अर्ज लागला तर तुज्याकडंच येतो ना?"

हे तिने इतक्या सहज सांगितले की मला तिचा राग आला. गेले वर्षभर ती कुंपणाशी होती आणि मी तिला एकदाही विचारले नव्हते.

गवंडी आला. त्याने माझे सिमेंट छिन्नीने काढले, फळी लावून दोन्ही तुटके भाग नव्याने ओतले आणि कड पूर्वीसारखी काटकोनात काढून दिली. मी पोत्यावर बसून कडेने वीतभर रुंद आणि वीतभर खोल चर खणला. खणताना नागरमोथ्याच्या गाठी वेचल्या. दोन डबे भरले. माझ्या गुडघ्यांतून कळा येत होत्या. दर दोन हातांवर मी मागे वळून पाही तो, मागच्या भागात मला काहीतरी हिरवे दिसल्यासारखे वाटे, मग मी परत जाई. तोवर गणपती आठ दिवसांवर आले होते आणि पत्नीची जखम, देवाच्या कृपेने म्हणा, भरून आली होती.

मुलगा आला. गणपती, गौरी झाल्या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईची बॅग ओटीवर आणून ठेवली. तीत तिच्या चार साड्या, औषधांचा डबा आणि कापडात बांधलेली देवाची घंटी होती. घंटी तिने स्वतः घातली होती.

"आई, गाडी साडेदहाची. तयार हो."

"आधी परसातनं येते."

"मी धरतो."

"नको. तुम्ही दोघं दारात उभे राहा. आणि तोंडं बंद." जखम झाल्यापासून ती प्रथमच त्या वाटेवर एकटी जात होती.

मुलाने मला हळूच बजावले, "बाबा, तुम्ही अजिबात बोलायचं नाही. पडली तर पडली, मग विषयच संपला."

तिने डावा पाय कडेवर ठेवला. बोटांवर नवी, गुलाबी कातडी होती. ती चालू लागली. पहिल्या नव्या भागापाशी थबकली. तेथील काँक्रीट अद्याप खरखरीत होते. पायाने ते पुढे-मागे तपासले. चराच्या पोकळीत बोटे खाली सोडली, तळ लागतो का पाहिले, वर घेतली. मग गेली. जास्वंद गेली, तगर गेली. अनंतापाशी ती अचानक खाली गेली.

आम्ही दोघे धावलो. ती पडली नव्हती. उकिडवी बसली होती आणि तिची बोटे चराच्या कडेने सरकत होती.

"हे बघा," ती म्हणाली आणि दोन बोटांत धरलेली हिरवी सुई माझ्यासमोर केली. खाली गाठ लटकत होती, अखंड. "हे तुमच्या डोळ्यांना दिसलं नाही. इथं आणखी तीन आहेत. कोवळं असताना खालून धरलं तर गाठीसकट येतं. तुम्ही मोठं होईस्तोवर वाट बघता."

"आई, साडेदहाची गाडी आहे."

"मग जा ना तू. मला सवड नाही. एवढी कड सोडून गेले, तर दिवाळीला ह्या घरात पाय ठेवायला जागा राहील का? तुझ्या बापावर टाकून जाऊ?"

मुलाने घड्याळ पाहिले. मग त्याने आईकडे न पाहता मला सांगितले, "दर रविवारी कडेचा फोटो पाठवायचा. पूर्ण. दारापासून विहिरीपर्यंत. गवत दिसलं की मी गाडी करून येणार, आणि मग हे असलं काही ऐकणार नाही." तो गेला. बॅग मात्र त्याने ओटीवरच ठेवली, आत नेऊन ठेवली नाही. ती अजून तेथेच आहे. मी ती हलवली नाही, पत्नीनेही नाही.

पहिले दोन रविवार फोटो गेले. पत्नी रोज सकाळी लाकडी पाटावर बसून पाट पुढे सरकवत कड चाचपते. मी तिच्यापुढे हातभर अंतरावर काठी आपटत जातो, कारण ओल्या कडेला फुरसे येऊन बसते आणि तिच्या बोटांना गवत आणि विषारी साप यांतला फरक कळण्याआधी मला तो कळला पाहिजे. मी कचेरीस उशिरा पोहोचतो. पक्षकार कुरकुरतात.

परवा हा तिसरा रविवार आला. त्याआधी पाच दिवस पत्नीला ताप होता आणि पाऊस असा होता की विहीर काठोकाठ भरली. सकाळी मी मोबाईल घेऊन मागील दारात उभा राहिलो. चरात माती वाहून आली होती, ती तीन ठिकाणी काँक्रीटला भिडली होती, आणि त्या तिन्ही ठिकाणी हिरवे होते. मी पायरीवर बसलो. मागच्या रविवारचा फोटो माझ्याजवळ होता. स्वच्छ, दारापासून विहिरीपर्यंत. तोच पुन्हा पाठवला तर मुंबईत कोणाला कळणार होते? सत्तावीस वर्षांत मी कोणत्याही कागदावर खोटी तारीख घातलेली नाही. माझा अंगठा त्या फोटोवर होता.

"पाठवला का?" पत्नीने आतून विचारले.

"पाठवतोय."

"केव्हाचे पाठवताय. एवढा वेळ लागतोय म्हणजे कायतरी लबाडी चाललीय." ती भिंत धरत दारापर्यंत आली. "किती आलंय?"

"तीन ठिकाणी. थोडंच."

"खरं?"

"जास्त आहे," मी म्हणालो. "अळवाकडे खूप आहे."

तिने चौकट धरली. तिचे अंग अजून कोमट होते. मग म्हणाली, "पाट आणा. आणि माझ्या डोक्यावर तो प्लास्टिकचा कागद टाका. तुम्ही माती उकरा, मी गाठी काढते. तो दुपारी जेवल्यावरच फोन करतो, तोवर वेळ आहे."

आम्ही दारापासून सुरुवात केली. पाऊस बारीक पडत होता. मी खुरप्याने चरातली माती ओढून बाहेर काढायचो, काठी आपटायचो, आणि ती माझ्यामागे बोटे रोवत यायची. प्रत्येक गाठ निघाली की ती माझ्या हातावर ठेवायची, मी मोजत नव्हतो. तगरीपर्यंत आलो तेव्हा माझे गुडघे सरळ होईनासे झाले होते आणि तिच्या नखांतून रक्त येत होते. अनंत, अबोली, अळू, सगळे अजून पुढे होते. तिच्या पावलांनी तीस पावले तरी बाकी असतील. त्याच वेळी माझ्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजू लागला.

"घेऊ नका," ती म्हणाली. "पुढे सरका."

मी सरकलो.